लाव्यांची मोजणी

— नको, त्या खुर्चीवर नको, ती ह्यांची आहे, तिचा एक पाय हलतो आणि तो बसवायला हे गेली नऊ वर्षं सवड शोधतायत. इकडे खिडकीपाशी बस. पोहे घे. लाजू नकोस, पहाटे साडेचारपासून रानात बसलेल्या माणसाने लाजून कसं चालेल. हां, तर काय म्हणत होतास — चार दिवस झाले, रोज पहाटे आमच्या त्या जंगलाच्या तुकड्यावर जाऊन बसतोस आणि एकही लावा पक्षी ऐकू आला नाही? एकही नाही? बरं. मग आधी कान तपासून घे बाबा. तुमची पिढी दिवसभर कानात ती बोंडं घालून गाणी ऐकणार, तुम्हाला लावा काय, शेजारी हत्ती ओरडला तरी कळायचा नाही. गौरांग ना नाव तुझं? गौरांग. गोटिंगेनला जंगलाचं शिकतोस, मूळचा कोथरूडचा, आणि इथल्या निसर्ग-खात्याने तुला आमच्याकडे पाठवलंय, पडताळणीला. छान शब्द आहे. म्हणजे हेर आगाशे आणि फ्राउ आगाशे दरवर्षी लाव्यांची मोजणी करून जो तक्ता पाठवतात तो खरा की थापा, ते बघून ये. नाही, तू तसं म्हणाला नाहीस, तू फार सभ्य आहेस. तू म्हणालास, काकू, आकडे जरा फारच एकसारखे येतात. का येऊ नयेत? हा जर्मनी आहे. इथे बस एकसारखी येते, कचऱ्याची गाडी एकसारखी येते, आमच्या शेजारीणबाई खिडक्या पुसतात त्यासुद्धा शनिवारी सव्वादहाला. मग लाव्यांनीच काय घोडं मारलंय?

हे नाहीयेत घरी. लाकूडवाल्याबरोबर गेलेत, कुठली झाडं पाडायची त्यांच्यावर लाल खुणा करायला. अकरापर्यंत येतील. तोवर तू तुझे कागद काढ, मी माझं बोलते, मला बोलायला कुणी मिळत नाही ह्या गावात. मिळतात तशी माणसं, पण ती उत्तरं देतात. या, गेनाऊ, म्हणजे हो, बरोबर, आणि संपलं. — तुला हे जंगलाचं लचांड आमच्या गळ्यात पडलं कसं ते ठाऊक आहे का? नसणार, तक्त्यात तसा रकाना नाही. हे घर घेतलं आम्ही नव्व्याण्णव साली. आधी वोल्फ्सबुर्गात फ्लॅटमध्ये होतो, वीस वर्षं, गाड्यांच्या कारखान्याजवळ. ह्यांना एकदम शांतता पाहिजे झाली. वोल्फ्सबुर्गपेक्षा शांत जागा शोधायची म्हणजे काय गंमत आहे? पण शोधली. मग नोटारकडे गेलो सह्या करायला. इथे तो नोटार सगळा करार मोठ्याने वाचून दाखवतो, दीड तास, एका सुरात, आणि हे समोर बसून मान डोलवतायत, मी बाहेरचं कबुतर बघतेय. घरी आल्यावर कळलं की घराबरोबर पाइनच्या जंगलात एक वाटा आलाय. गावचं सामाईक जंगल, बावीस घरं, बावीस वाटे, ज्याचं घर त्याचा वाटा, वेगळा विकता येत नाही, नको म्हणता येत नाही. आपल्याकडे पुण्यात जुन्या घराबरोबर भाडेकरू येतो, इथे जंगल आलं. मी म्हटलं, चला, भाडेकरूपेक्षा बरं, जंगल निदान कोर्टात जात नाही.

आणि हे म्हणजे कोण — तर पद्माकर आगाशे, गाडीच्या दाराची बिजागरी. सगळी गाडी नाही हं, दारसुद्धा नाही. बिजागरी. सव्वीस वर्षं. बालपण सदाशिव पेठेत गेलेलं, पक्षी म्हणजे कावळा, चिमणी, कबुतर, झाली यादी. झाड म्हणजे सारसबागेतलं. तो माणूस दरवर्षी नोव्हेंबरात गावच्या गास्टहाउसात जंगलाच्या सभेला जाऊन बसायला लागला, बिअर न पिता, सफरचंदाचा रस समोर घेऊन, आणि घरी येऊन मला सांगायला लागला, की पाइनची दाटी झाली आहे, विरळणी वेळेवर होत नाहीये, खोडं काठीसारखी राहतात. मी म्हटलं, अहो, राहू देत की काठीसारखी, आपल्याला काय त्यांची लग्नं लावायची आहेत? पण नाही. इंजिनिअरला एखादी गोष्ट बरी चालली आहे असं दिसलं की त्याला झोप येत नाही.

मग दोन हजार दोन साली ह्यांना इंटरनेट सापडलं. — हसू नकोस, सापडलंच म्हणायचं, आधी मेल बघण्यापलीकडे मजल नव्हती. त्यात ह्यांना मिळालं अमेरिकेतलं एक पुस्तक, जॉर्जिया संस्थानातलं. तिथे म्हणे पाइनचं जंगल असं राखतात की लाकूडही निघतं आणि लावाही नांदतो. तुला मी काय सांगू, तू शिकतोस ते. झाडं विरळ करायची, उन्हाला जमिनीपर्यंत येऊ द्यायचं, ऊन आलं की गवत येतं, बी येतं, किडे येतात, लावा खाली गवतात घरटं करतो — आणि वर जी झाडं ठेवली त्यांना मोकळं वाढता येतं, ती जाड होतात, तुळया निघतील अशी. दोन्ही हातांत लाडू. त्र्याण्णव पानं छापून आणली ह्यांनी, स्पायरल बाइंडिंग केलं, पिवळ्या पेनाने रंगवली. कोकणातल्या आजेसासऱ्यांची पोथी होती आमच्याकडे, तिलासुद्धा इतका मान नव्हता. आणि त्या त्र्याण्णवांतली नऊ पानं होती जाळण्यावर. दर दोन वर्षांनी जंगलाखालचं गवत-झुडूप पेटवून द्यायचं, बेतशीर, वारा बघून. अमेरिकेत करतात. ह्यांनी केलं काय, नोव्हेंबरच्या सभेत उभे राहिले, पारदर्शक पट्ट्यांवर आकृत्या काढून नेलेल्या, आणि सांगितलं — हेरशाफ्टेन, म्हणजे मंडळी, माझी सूचना अशी आहे की आपण आपलं जंगल पेटवावं.

तुला माहीत असेलच ना पंचाहत्तर सालचं? तू जन्मलाही नव्हतास. आम्हीही तेव्हा पिंपरीत होतो, आम्हाला काय माहिती. ह्या सगळ्या पट्ट्यात रान पेटलं होतं, दिवसच्या दिवस, माणसं गेली विझवताना. आणि सभेला बसलेले अर्धे लोक गावच्या अग्निशमन दलातले. मी तिथे नव्हते, मला नंतर ल्युडेकेच्या बायकोने सांगितलं — ल्युडेके म्हणजे सभेचा अध्यक्ष, आमच्या तुकड्याला लागून त्याचं शेत आहे — ती म्हणाली, दोन मिनिटं कुणी ग्लाससुद्धा खाली ठेवला नाही. हे मात्र पुढची पट्टी लावतायत, वाऱ्याचा वेग आणि ज्वाळेची उंची. मग ल्युडेके हळूच म्हणाला, हेर आगाशे, बसा. आणि त्याने काय झालं होतं ते सांगितलं. त्याचा मामेभाऊ होता त्यात. हे घरी आले ते बूट न काढता ह्याच खुर्चीवर बसले. मी कधी नव्हे ते काही बोलले नाही. म्हणजे थोडं बोलले, पण दुसऱ्या दिवशी.

दुसरा कुणी असता तर त्याने गाव सोडलं असतं. ह्यांनी बावीसच्या बावीस घरी जाऊन माफी मागितली, म्हणजे एकवीस, आपलं सोडून. प्रत्येक घरी माझ्या हातच्या चकल्या घेऊन. एकवीस घरांच्या चकल्या कुणी पाडल्या ते विचारू नकोस. आणि पुढच्या वर्षी ल्युडेकेनेच विषय काढला, की आग नको, पण ते झाडं विरळ करण्याचं म्हणत होता ना तुम्ही, तर तो दक्षिणेचा वाळूचा तुकडा घ्या, सहा हेक्टर, तसाही तिथे काही धड येत नाही. पाच वर्षं बघू. लावे राहिले तर तसंच ठेवू, नाही राहिले तर आम्ही डग्लस फरची रोपं दाटीने लावून टाकू. कागद केला. निसर्ग-खात्याने अट घातली, मे-जूनमध्ये पहाटे मोजणी, ओरडणारे नर निदान तीन तरी पाहिजेत, तक्ता भरून सही करून पाठवायचा. तोच हा तुझ्या हातातला. ती पाच वर्षं ह्या नोव्हेंबरात संपतात. म्हणून तू इथे पोहे खातोयस.

आल्झो, तर कामाला लागले हे. रविवारी माणसं देवळात जातात, हे जंगलात. कुठलं झाड ठेवायचं, कुठलं काढायचं, प्रत्येकाला मिठी मारून घेर मोजायचा. गवत कापायचं ते पट्ट्यापट्ट्याने, तेही जुलै उलटल्यावर, पिल्लं मोठी झाली की. मध्ये मोकळ्या पट्ट्यांत बकव्हीट पेरलं, लाव्यांना दाणे. आणि पहिल्याच हिवाळ्यात, झाडं पडून, ओंडके गाडीतून गेल्यावर, तुझ्यासारखाच कुणी शिकलेला फॉरेस्टर आला आणि म्हणाला, हेर आगाशे, छान केलंत, पण तो अमेरिकेतला लावा वेगळा. तो बारा महिने झाडांत राहतो. आपला युरोपातला लावा आफ्रिकेतून उन्हाळ्यापुरता येतो आणि त्याला आवडतं शेत. पाइनशी त्याला काही देणंघेणं नाही. म्हणजे बघ, त्र्याण्णव पानं, पिवळं पेन, एकवीस घरच्या चकल्या, सहा हेक्टरांची झाडं — आणि पक्षी भलताच. बिजागरी एका गाडीची, दार दुसऱ्या गाडीचं. मी इतकी हसले, इतकी हसले, की मला उचकी लागली. हे नाही हसले.

आणि तरी आले रे. चार साली मे महिन्यात आले. मलाच पहिल्यांदा ऐकू आलं, कारण ह्यांना ऐकू येत नाही. हे तुला माहीत नाही का? पिंपरीला असताना कुठल्या तरी वर्कशॉपात इंजिनं चाचणीला लावायची आणि हे शेजारी उभे, कानात कापूसही नाही, पाच वर्षं. समोरासमोर बोललं की कळतं, टीव्ही मोठा केला की कळतो, पण लांबचा बारीक आवाज नाही. दाराची बेल नाही. यंत्र लावून देते म्हटलं कानाला, तर म्हणतात, कशाला, तू आहेस की. म्हणून मी जायला लागले पहाटे. मला काय हौस होती? साडेचारला उठायचं, थर्मास भरायचा, ह्यांची ती फोल्डिंगची स्टुलं, मफलर, जूनमध्ये मफलर. जाऊन बसायचं वाळूवर, पाइनच्या खोडांमधून उजाडताना बघायचं. त्या दिवशी शेजारच्या गवतातून आलं — पिक-पिरिक, पिक-पिरिक — असं तीनदा, मग थांबून परत. मी ह्यांच्या दंडाला धरलं. हे माझ्याकडे बघतायत, तोंड उघडं, कानाला हात लावून. किती, म्हणाले. मी म्हटलं, एक. थांबा, दोन. तिकडे आणखी एक. तीन. ह्यांनी पेन्सिलीने तीन लिहिलं आणि त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. मी बघितलं नाही असं केलं. घरी आल्यावर ह्यांनी चहा केला. लग्नाला बत्तीस वर्षं झाली होती, पहिला चहा. साखर विसरले होते. मी न बोलता प्यायले, एवढ्यावरून समज.

ते वर्ष आणि पाच साल. दोन वर्षं लावे होते, आई शप्पथ, हवं तर ल्युडेकेला विचार. आणि तो फॉरेस्टर म्हणाला तेच खरं होतं, ते पाइनसाठी आलेच नव्हते. ल्युडेकेचं शेजारचं शेत तेव्हा पडीक होतं, सरकार म्हणे शेतकऱ्यांना पडीक ठेवायला सांगायचं, तिथे गवत-तण माजलेलं, लावे तिथले, आमच्याकडे आपले फिरायला यायचे. मग गॅसचा प्लान्ट आला. मक्यापासून गॅस, गॅसपासून वीज, पर्यावरण वाचलं. ल्युडेकेने सहा साली तिथे मका लावला, माणूस हरवेल असा. ल्युडेकेला मी दोष देत नाही, त्याचं शेत आहे. पण मका आला आणि तेव्हापासून लावे —

— खा ना. गार होतायत. कॉफी देऊ? नको? मग असं बघू नकोस माझ्याकडे. लावे कमी झाले, असं म्हणत होते मी. कमी म्हणजे — बरं, तू चार दिवस बसलास, तुला काय वेडं करायचं. शून्य. झालं समाधान? सहा सालापासून एकही नाही. अख्खा मे बसले मी तिथे, कोकिळा ऐकल्या, कोल्ह्याची पोरं बघितली, पण तो आवाज नाही. आणि हे शेजारी, पेन्सिल घेऊन. किती? त्याच वर्षी ह्यांना कारखान्याने लवकर निवृत्त केलं होतं, आल्टर्सटाइलत्साइट, मोठा शब्द, अर्थ एवढाच की घरी बसा. सव्वीस वर्षांची बिजागरी एका शुक्रवारी संपली. हा माणूस सोमवारी कपडे करून, बॅग घेऊन दाराशी उभा. कुठे जायचं ते आठवेना. मी आतून बघत होते. मग बॅग खाली ठेवून जंगलात गेला. आता अशा माणसाने पहाटे पाचला पेन्सिल धरून तुझ्याकडे बघितलं आणि विचारलं, किती, तर तू काय सांगशील? तू सांगशील शून्य, तू शास्त्र शिकतोस. मी म्हटलं, तीन. एकदा तीन म्हटलं की दुसऱ्या दिवशी कमी कसे होतील? मग तीन. कधी दोन, उगीच खरं वाटावं म्हणून. पण तीनच बरे पडायचे, अटीत बसायचे.

तर ही तुझी पडताळणी. मिळालं तुला. फ्राउ आगाशे, वय साठ, थापाडी. आणि हे बिचारे भोळे, मी सांगेन ते लिहितात, सही करतात. त्यांचा ह्यात काही दोष नाही, हे नीट लिही. एक माणूस दोन वर्षं रोज पहाटे बायकोच्या तोंडावर विश्वास ठेवतो, जर्मनीत अशी नोंद असेल का कुठे? — आणि आता तू शून्य लिहिणार. नोव्हेंबरात सभा होईल, ल्युडेके तुझा कागद वाचेल, वाईट वाटून घेईल, खरंच घेईल, आणि मार्चमध्ये डग्लसची रोपं येतील. आणि हे ह्या खुर्चीवर येऊन बसतील, आणि ह्या वेळी उठायचे नाहीत. म्हणून म्हणते, गौरांग, तीन लिही. तुझं काय जातंय? सहा हेक्टर वाळूवर तीन पक्षी जास्त लिहिले म्हणून पृथ्वी कलंडणार आहे का? झाडं तरी बघ, काय झालीत पाच वर्षांत, लाकूडवाला हात फिरवतो खोडावरून. लावा नसला म्हणून ते रान वाईट आहे का? मी कुणापुढे हात जोडत नाही, माझ्या सासूला विचार, म्हणजे ती नाही आता. पण तुला म्हणते, तीन लिही बाबा.

काय? हे काय दाखवतोयस? हो, तक्ता आहे, गेल्या वर्षीचा, ह्यांचं अक्षर, माहितीये मला. तारखा. मग? — थांब, चष्मा घेऊ दे. बावीस मे, तीन. सत्तावीस मे, चार. चार? मी चार कधी म्हणाले? मी चार म्हणतच नाही, चार कुणाला पटतील? दोन जून, तीन. नऊ जून, चार. परत चार. माझ्यापेक्षा एक जास्त, बघ, ह्यांना काही धरबंध — सात साल ना हे? दोन हजार सात. गेल्या वर्षी मे —

गेल्या वर्षी मी इथे नव्हते.

मी बॉबलिंगेनला होते. सुरुचीकडे, माझ्या मुलीकडे, तिचं बाळंतपण होतं, आरव झाला चोवीस मेला. वीस मेला गेले ती पंधरा जून उलटून आले. हे एकटे होते. आल्यावर मी विचारलंसुद्धा नाही मोजणीचं काय केलंत म्हणून, मला वाटलं नसेल केली, ऐकणार कोण. मग हे कुणी सांगितलं त्यांना, तीन आणि चार? ल्युडेके साडेचारला उठत नाही. बेल ऐकू येत नाही त्या माणसाला. हे तिथे एकटे गेले, स्टूल टाकून बसले आणि लिहून आले. स्वतःच. — म्हणजे त्यांना माहीत आहे. सगळं माहीत आहे, मका आला तेव्हापासून. बिजागरीत अर्धा मिलीमीटर फरक पडला तर ज्याला कळायचा, त्याला शेजारी शेतभर मका उभा दिसत नव्हता? मी काय समजत होते?

मग लिहायचं कशाला? जंगलासाठी? जंगलासाठी हा माणूस खोटं लिहायचा नाही रे. आगीचं बोलून गेला म्हणून ज्याने एकवीस उंबरे झिजवले, तो खात्याच्या कागदावर खोटी सही करेल? सभेत उभा राहून सांगितलं असतं त्याने, मका आला, लावे गेले, माझं चुकलं. — मी म्हणाले होते. जायच्या आधी, बॅग भरताना. काहीतरी बिनसलं होतं, काय ते आठवतही नाही. मी म्हणाले, ते लावे आहेत म्हणून मी ह्या गावात आहे, पहाटे घराबाहेर पडायला तेवढंच एक कारण आहे मला, ते गेले की मी सुरुचीकडे जाऊन राहणार, तुम्ही बसा तुमच्या पाइनांना मिठ्या मारत. मी म्हणतेच काही ना काही. रोज म्हणते. तुलासुद्धा तासाभरात किती बोलले. माणसाने सगळं मनाला लावून घ्यायचं असतं का? काठीसारखा उभा होता दारात, बॅग हातात घेऊन, मला स्टेशनवर सोडायला. मला वाटलं ऐकू आलं नसेल.

म्हणजे हा माणूस पहाटे माझ्या शेजारी बसून किती म्हणून विचारत होता ते लाव्यांचं नव्हतंच. आणि मी म्हणत होते, तीन. आणि हा लिहून घेत होता.

— दे तो कागद इकडे. नाही, राहू दे, तुझा आहे तो. शून्य लिही. हो, लिही, तीन-बीन काही लिहू नकोस, मी म्हटलं ते विसर. शिकतोयस, खोटं लिहायची सवय आत्तापासून नको. ल्युडेकेला काय लावायचं ते लावू दे, डग्लस तर डग्लस, हे दुसरी त्र्याण्णव पानं शोधून काढतील. आणि मागच्या तक्त्यांचं खात्याला काय सांगायचं ते आम्ही दोघं येऊन सांगू, सह्या आमच्या आहेत. तू निघ आता. अकरा वाजत आले, ते येतील, आणि तू इथे असलास तर मला त्यांच्यासमोर धड बोलता यायचं नाही. आणि उद्या येऊ नकोस तिकडे. पाचवा दिवस राहिला असेल तुझा, राहू दे. उद्या पहाटे आम्ही दोघं जाणार. ह्या वेळी मी विचारणार, अहो, किती ऐकू आले. काय सांगतात बघू. शून्य म्हणाले तरी मी काही बॉबलिंगेनला जाऊन — असो, ते तुला कशाला. बॅग विसरलास. दार ओढून घे, वाऱ्याने आपटतं. जा.